घरातील यंत्रे, लेखांक ९ : चार्ज न होणारा लॅपटॉप आणि त्यातील दप्तर

मागील आठवड्यात आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा कशी राखावी ते पाहिले. आज विचार करावयाचा आहे तो कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, चार्जर लावला तरी दिवा न लागणाऱ्या आणि म्हणून घरातील मंडळींनी निकालात काढलेल्या लॅपटॉपचा. हे यंत्र पुन्हा चालेल काय, आणि त्यात ठेवलेली छायाचित्रे, पत्रे, हिशेब, हस्तलिखिते परत मिळतील काय, असे दोन प्रश्न अशा वेळी एकदमच मनात येतात. परंतु ते परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, आणि पहिल्याच्या हट्टापायी दुसऱ्याचे उत्तर कायमचे गमावून बसलेली माणसे थोडी नाहीत. लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी येतो, नव्या विंडोजसह झटपट चालू होतो, आणि मग ध्यानात येते की जुने सारे दप्तर पुसले गेले आहे. मालकाने ‘चालू करून द्या’ एवढेच सांगितलेले असते आणि कारागिराने तेवढेच बरहुकूम केलेले असते. म्हणून आधी मजकूर बाहेर काढावा, त्याच्या नकलेची रुजुवात करावी, आणि त्यानंतरच यंत्राच्या दुरुस्तीची तजवीज करावी, हा क्रम मी आग्रहाने सांगतो.

वस्तुतः वीज न स्वीकारणाऱ्या लॅपटॉपमधील मजकुराला बहुधा काहीच झालेले नसते. हार्ड डिस्कवरील नोंद चुंबकीय असते आणि ती टिकून राहण्यास विजेची आवश्यकता नसते. आयबीएमने 1956 मध्ये पन्नास तबकड्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावणारे पहिले असे यंत्र विक्रीस काढले, तेव्हापासून आजतागायत या तत्त्वात बदल झालेला नाही. मात्र लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर दिरंगाई करू नये, कारण तिच्यातील नोंद विद्युत्भाराच्या रूपाने असते आणि यंत्र दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तो भार हळूहळू गळत जातो.

आता चार्ज न होण्याच्या कारणांकडे वळू. शोध बाहेरून आत घ्यावा. भिंतीवरील सॉकेटमधून येणारा 230 व्होल्टचा प्रवाह ॲडॉप्टर साधारणतः 19 ते 20 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतरित करतो. ॲडॉप्टरवर छापलेला आकडा आणि मल्टिमीटरने घेतलेले माप जुळते काय, हे प्रथम पाहावे. गोल पिनेच्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये बाहेरचे कडे ऋण आणि आतले धन असते. मापताना मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. माप बरोबर आले म्हणजे ॲडॉप्टर निर्दोष ठरला असे मात्र समजू नये. रिकामा असताना पूर्ण व्होल्ट दाखवणारा ॲडॉप्टर लॅपटॉपचा भार पडताच कोसळतो, असे वारंवार आढळते, आणि म्हणून तितक्याच व्होल्टचा व तितक्याच किंवा अधिक वॉटचा दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा होय. काही कंपन्यांच्या ॲडॉप्टरच्या मध्यभागी सुईसारखी बारीक पिन असते. मुख्य प्रवाह तिच्यातून वाहत नाही. ॲडॉप्टर किती वॉटचा आहे याची ओळख ती लॅपटॉपला पटवते. ती वाकली किंवा तिच्याकडे जाणारी तार आतल्या आत तुटली, तर लॅपटॉप चालतो, परंतु बॅटरी चार्ज करण्यास नकार देतो. अशा वेळी नवी बॅटरी घेणे हा निव्वळ अपव्यय होय. बॅटरी 60 किंवा 80 टक्क्यांवर अडून राहत असेल, तर तिचे आयुष्य वाढावे म्हणून कोणी तशी मर्यादा पूर्वीच घालून ठेवली आहे काय, हेही पाहून घ्यावे.

ॲडॉप्टर निर्दोष ठरल्यावर संशय जातो तो ज्या छिद्रात त्याची पिन बसते त्या जॅकवर, आणि माझ्या मते हे स्थळ जितके लक्षपूर्वक पाहावे तितके थोडेच. वायर हातात धरून किंचित वर किंवा डावीकडे दाबली असता दिवा क्षणभर लागतो आणि सोडताच विझतो, ही येथील बिघाडाची निश्चित खूण. जॅक थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असेल, तर बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली धरावा: जॅकच्या पायाभोवतीच्या चकचकीत कथिलात केसाएवढी वर्तुळाकार चीर दिसते, आणि पिन हलवली की त्या चिरेतला पाय रेसभर वरखाली होतो. वर्षानुवर्षे मांडीवर घेतलेल्या लॅपटॉपच्या वायरीला जे धक्के बसले, त्यांचा हा परिणाम. जॅक छोट्या वायरीने जोडलेला असेल तर तो बदलणे अगदी सोपे असते. बोर्डावर असेल तर जुने कथिल काढून नव्याने सोल्डर करावे लागते, आणि ते काम मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मुरलेल्या हाताकडूनच करून घ्यावे.

यानंतर बॅटरी. 2010 च्या सुमाराच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये 18 मिलिमीटर व्यासाच्या व 65 मिलिमीटर लांबीच्या लिथियम-आयन सेलच्या दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या असत. प्रत्येक सेलचे पूर्ण भरलेले माप 4.2 व्होल्ट आणि नाममात्र माप 3.6 किंवा 3.7 व्होल्ट, म्हणून वेष्टनावर 10.8 किंवा 11.1 असा आकडा छापलेला आढळतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या बॅटरीतून थोडी वीज आपोआप झिजते आणि थोडी तिच्यातील संरक्षक मंडलच खाऊन टाकते. माप थोडेच घसरले असेल तर लॅपटॉप प्रथम अत्यल्प प्रवाह देऊन तिला सावरण्याचा यत्न करतो, म्हणून ॲडॉप्टर लावून, लक्ष ठेवून, काही तास वाट पाहण्यास हरकत नाही. ते फारच खाली गेले असेल तर सेलमधील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्या ठिकाणी साचते, आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचे भय उत्पन्न होते. संरक्षक मंडल अशा बॅटरीला जे कुलूप घालते ते याच कारणास्तव. बाहेरून थेट वीज देऊन हे कुलूप तोडण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. कोणीही कृपा करून त्या अमलात आणू नयेत. बॅटरी फुगलेली दिसली, कीबोर्ड मधोमध उचललेला वा टचपॅड दबेनासा झालेला आढळला, तर चार्जर तत्काळ काढावा, बॅटरीला टोचू किंवा दाबू नये, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राच्या हवाली करावी.

बॅटरी सहज निघणारी असेल तर ती व चार्जर दोन्ही काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर अडकलेला भार निघून जातो. मग केवळ ॲडॉप्टरवर लॅपटॉप चालू करून पाहावा. तो चालला तर उघडाउघड करण्याचे प्रयोजनच उरत नाही. बाहेरची हार्ड डिस्क जोडून त्याच बैठकीत सर्व काही उतरवून घ्यावे. बॅटरी नसलेला लॅपटॉप वीज जाताच मध्येच बंद पडतो, म्हणून भारनियमनाच्या गावी तो इन्व्हर्टरवर चालवावा.

तो चाललाच नाही, तर खालचे झाकण उघडून डिस्क बाहेर काढावी. हाताची स्थिर वीज उतरवण्यासाठी आधी धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूस स्पर्श करावा. अडीच इंची साटा डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि 5 व्होल्टवर चालते. जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करावयाचे काय’ किंवा ‘दोष तपासून दुरुस्त करावयाचे काय’ असे विचारले, तर दोन्हींस नकार द्यावा, कारण त्या डिस्कवर नवे एक अक्षरही लिहिले जाऊ नये, हा आपला नियम आहे. पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स घेऊन डिस्क केवळ वाचनापुरती जोडणे मला अधिक सुरक्षित वाटते. डिस्क टकटक आवाज करू लागली तर ती बंद करावी, आणि आतील मजकूर मोलाचा असल्यास धूलिरहित कक्ष बाळगणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. घरी झाकण उघडू नये. आवाज नसून वाचताना ती केवळ अडखळत असेल, तर अँटोनिओ डियाझ डियाझ यांची डीडीरेस्क्यू ही आज्ञावली उपयोगी पडते. सुवाच्य भाग ती आधी उतरवून घेते, हट्टी जागांकडे मागाहून वळते, आणि कोठवर काम झाले याची नोंद ठेवत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे जाता येते. मजकूर बिटलॉकरने कुलूपबंद केलेला असेल तर 48 अंकी किल्लीवाचून यापैकी कशाचाच उपयोग नाही.

मराठी घरांच्या बाबतीत याहून निराळी एक अडचण असते, आणि तिचा उल्लेख दुरुस्तीच्या पुस्तकांत सहसा येत नाही. फाइल सुखरूप निघते, उघडते, आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची गिचमिड दिसते. शेकडो पानांची वंशावळ किंवा आजीकडून उतरवून घेतलेल्या ओव्या अशा रूपात पाहून फाइल बिघडली, असे समजून ती काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला अत्यंत वाईट वाटते. कारण ती फाइल बिघडलेली नसून तिचा फॉन्ट मागे राहिलेला असतो. युनिकोड घरोघर रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांतून आपले लेखन चाले आणि त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणून डिस्कवरून मजकूर उतरवताना ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही न विसरता उतरवून घ्यावे.

फॉन्ट हाती असला म्हणजे मजकूर वाचता येतो. पुढे तो युनिकोडमध्ये आणावयाचा असतो. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी आणि क नंतर नोंदला जाई, युनिकोडमध्ये क आधी असतो. ‘कार्य’मधील रफार जुन्या नोंदीत य नंतर येई, तो आता य च्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या ही अदलाबदल करतात, परंतु मध्येच आलेले इंग्रजी शब्द, आकडे आणि जोडाक्षरे यांत त्या चुकतात. सबब रूपांतरित प्रत मुळाशी ओळीने ताडून पाहावी, शक्यतो ज्याने तो मजकूर लिहिला वा ऐकला असेल अशा घरातील वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून, आणि मूळ फाइल व तिचा फॉन्ट ही दोन्ही एकाच फोल्डरात दोन निरनिराळ्या डिस्कांवर जपून ठेवावीत. रूपांतराची कृती पुढील लेखांकात सविस्तर देईन; तोवर जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर काहीही लिहू नये.