सेंटातली रम, लाकडातला व्हॅनिला

व्हॅनिलाचा गोडवा, त्यात रमची झाक आणि मागून येणारा लाकडाचा वास, अशी स्वस्त परफ्यूम सध्या बरीच मिळतात. बाटलीवर ‘रम’ दिसली की आत रम असणार, असं सहज वाटतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती; त्यामुळे इकडे ‘असा सेंट बाळगणं गुन्हा तर नाही?’ ही शंकाही त्याला जोडून येते.

आत रम नसते. परफ्यूमचा आधार इथाइल अल्कोहोल असतो हे खरं, पण ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात दुसरी द्रव्यं मिसळलेली असतात. शिवाय ते मिनिटभरात उडून जातं. अर्ध्या तासानंतरही मनगटाला येणारा रमचा वास वेगळ्या द्रव्यांनी जुळवलेला असतो: वाईनच्या गाळातून काढलेलं तेल, फळांचा वास देणारी एस्टर आणि कधीकधी चक्क दवण्याचं तेल. जोतिबाला वाहतात तोच हा दवणा. त्याच्या तेलाला पिकल्या फळांचा, किंचित मद्याचा वास असतो.

कायद्याचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा यांनी दाद मागितली, तेव्हा त्यांच्या यादीत व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कोलोनही होतं. १९५१ मध्ये न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं त्यातून मोकळी केली. व्हिस्की अडकली, कोलोन सुटलं!

मोहाच्या फुलांबद्दलही वासावरून असाच गैरसमज होतो. दारूचा वास हाच मोहाचा वास, असं जंगलाबाहेरचे लोक धरून चालतात. पण पहाटे वेचलेल्या ताज्या फुलांच्या वासात बासमती आणि आंबेमोहोर तांदळातलंच एक सुगंधी द्रव्य असतं. दारूचा वास येतो तो फुलं आंबवल्यावर.

‘स्वस्त व्हॅनिला म्हणजे केमिकल, महाग तो अस्सल’ हा समज तर शहरांतही पक्का आहे. व्हॅनिला ही ऑर्किडची शेंग. तिच्या फुलांचं परागीकरण बहुतेक ठिकाणी हाताने करावं लागतं, शेंगा महिनोन् महिने मुरवाव्या लागतात आणि एवढं करून त्यांत व्हॅनिलिन मिळतं साधारण दोन टक्के. म्हणून १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं. गेर्लाँच्या १९२५ च्या नामांकित ‘शालिमार’ परफ्यूममध्येही कृत्रिम इथाइल व्हॅनिलिन आहे, आणि ते परफ्यूम काही स्वस्त नाही.

पुढे व्हॅनिलिन लाकडातल्या लिग्निनपासूनही निघू लागलं. बांबू-लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं हे लिग्निन कागद गिरण्यांत वेगळं काढून सहसा बॉयलरमध्ये जाळतात. (बल्लारपूरकरांना गिरणीचा वास विचारा, व्हॅनिला आठवणार नाही, तो गंधकाचा.) ओकच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत व्हॅनिलाची छटा येते ती पिंपाच्या लिग्निनमुळेच. मद्य, लाकूड आणि व्हॅनिला ही जुळणी त्यामुळे जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही.

बाटलीवरचं ‘वुडी’ म्हणजे लाकडाचा वास, पण तो आलापल्लीच्या सागवानाचा नव्हे. सागाची किंमत इमारतीसाठी. स्वस्त बाटलीतलं लाकूड बहुधा प्रयोगशाळेतलं असतं.

आणि बाटलीतलं परफ्यूम तपकिरी झालं म्हणून ती फेकू नका. व्हॅनिलिनमुळे रंग गडद होतोच. फक्त पांढऱ्या सदऱ्यावर फवारू नका, डाग राहतो. आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात बाटली गाडीत ठेवू नका.