रग्बी एकच, मग 'युनियन' आणि 'लीग' वेगळी का? भांडण होतं एका दिवसाच्या खाड्याचं

जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात 'रग्बी प्रीमियर लीग'चा पहिला सीझन झाला. सहा टीम, परदेशी स्टार आणि शेवटी ट्रॉफी चेन्नई बुल्सकडे.

आता गंमत बघा. या स्पर्धेच्या नावात 'लीग' आहे, पण तिथं जे खेळलं गेलं ते 'रग्बी लीग' नव्हतं. ते होतं 'रग्बी युनियन'चं सात खेळाडूंचं छोटं रूप, म्हणजे सेव्हन्स.

डोकं चक्रावलं ना? जगात रग्बी नावाचे दोन वेगळे खेळ आहेत. त्यांचे नियम वेगळे, जागतिक संघटना वेगळ्या आणि वर्ल्ड कपही वेगळे. एक काळ तर असा होता की युनियनचा खेळाडू लीगकडे गेला, तर युनियनचे दरवाजे त्याला कायमचे बंद व्हायचे.

एवढं वैर कशावरून? तर कामगाराच्या एका दिवसाच्या पगारावरून.

आधी 'खाडा' समजून घेऊ

रहाटणीतली एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. एक जण रोज कॅबने हिंजवडीला आयटी कंपनीत जातो. दुसरा चाकणच्या प्लांटमध्ये कंत्राटी हेल्पर आहे. दोघंही एकाच टीममधून खेळतात. कामाच्या दिवशी बाहेरगावी मॅच लागली. पहिल्याने एक सुट्टी टाकली, पगार तेवढाच राहिला. दुसऱ्याचा खाडा पडला, त्या दिवसाचे पैसे गेले.

म्हणजे मॅच एकच, पण ती खेळायची किंमत फक्त एकालाच मोजावी लागली.

१८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये नेमकं हेच चालू होतं.

सहा शिलिंगांचा वाद

इंग्लंडची रग्बी फुटबॉल युनियन १८७१ मध्ये स्थापन झाली. ती चालवणारी बहुतेक मंडळी 'पब्लिक स्कूल'मधली. नावात पब्लिक असलं, तरी या भरमसाट फी घेणाऱ्या, वरच्या वर्गाच्या शाळा. खेळ हौसेसाठीच खेळायचा, पैसे घेतले की तो धंदा झाला, असं त्यांचं ठाम मत.

उत्तरेकडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये चित्र वेगळं होतं. तिथं कापड गिरण्या आणि कोळसा खाणींतल्या कामगारांनी रग्बी उचलून धरली. मॅच बघायला हजारोंची गर्दी व्हायची, तिकिटाचे पैसे क्लबला मिळायचे. पण शनिवारीही अर्धा दिवस काम असायचं. लांबची मॅच असली की पाळी बुडायची, पगार कापला जायचा.

उत्तरेकडच्या क्लबांची मागणी साधी होती. खेळाडूला पगार नको, फक्त बुडालेल्या हजेरीची भरपाई द्या. या भरपाईला 'ब्रोकन टाइम' म्हणायचे. २० सप्टेंबर १८९३ ला लंडनच्या बैठकीत हा प्रस्ताव मतदानाला आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला.

विरोध करणाऱ्यांना एक भीतीही होती. फुटबॉलमध्ये १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता उत्तरेकडचे व्यावसायिक क्लब वरचढ झाले. रग्बीतही तेच झालं तर आपली सत्ता जाईल, हे त्यांना दिसत होतं.

शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये फूट पडली. उत्तरेकडच्या २२ क्लबांनी वेगळी 'नॉर्दर्न युनियन' उभी केली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. याच संघटनेचं १९२२ मध्ये 'रग्बी फुटबॉल लीग' असं नामकरण झालं.

पण ही मंडळी फार क्रांतिकारी होती असंही समजू नका. १८९८ मध्ये त्यांनी खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूकडे दुसरी 'खरी' नोकरी हवी. दारूच्या गुत्त्यावर वेटर असाल, तर ती नोकरी धरली जायची नाही.

नियम नंतर बदलले

फूट पडली तेव्हा दोन्हीकडे जवळपास एकच खेळ होता. पण लीगच्या क्लबांना खेळाडूंचे पैसे तिकीटविक्रीतून काढायचे होते. खेळाडूंच्या ढिगाऱ्यात चेंडू अडकून पडला, तर प्रेक्षक कंटाळणार. म्हणून खेळ मोकळा आणि वेगवान करायची धडपड सुरू झाली. १८९७ मध्ये लाइनआउट गेला आणि १९०६ मध्ये खेळाडू १५ चे १३ झाले.

आज दोन्हींत चेंडू लंबगोल, मॅच ८० मिनिटांची आणि हाताने पास फक्त मागच्या बाजूलाच द्यायचा. फरक असे:

• खेळाडू: युनियनमध्ये १५, लीगमध्ये १३.

• टॅकल झाल्यावर: युनियनमध्ये दोन्ही टीम चेंडूसाठी तिथंच झुंजतात. लीगमध्ये पाडलेला खेळाडू उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे सुरू होतो.

• किती संधी: लीगमध्ये सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्या टीमला द्यायचा. युनियनमध्ये अशी मोजणी नाही.

• चेंडू बाजूला बाहेर गेला तर: युनियनमध्ये सहसा लाइनआउट होतो, म्हणजे दोन रांगा लावून, खेळाडूला वर उचलून चेंडू झेलायचा. लीगमध्ये हा प्रकारच नाही.

• स्क्रम: युनियनमध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण खरोखर रेटारेटी करतात. लीगमध्ये तो नावापुरता उरलाय.

• गुण: 'ट्राय'चे युनियनमध्ये ५, लीगमध्ये ४. पेनल्टी किकचे अनुक्रमे ३ आणि २.

मग युनियन श्रीमंतांची आणि लीग गरिबांची?

उत्तर इंग्लंडपुरतं हे बऱ्यापैकी खरं. सिडनीतही युनियन म्हणजे महागड्या खासगी शाळा आणि लीग म्हणजे कामगार वस्त्या, अशी ओळख आजही टिकून आहे.

पण वेल्समध्ये हे गणित कोलमडतं. तिथं कोळसा खाणींतले कामगारच युनियन खेळत होते. न्यूझीलंडमध्ये तर युनियन सगळ्यांचाच खेळ.

फ्रान्समध्ये प्रकरण सगळ्यात टोकाला गेलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने १९४१ मध्ये लीगवर बंदी घालून तिची मालमत्ता जप्त केली. पुढे बंदी उठली, पण 'रग्बी' हा शब्द नावात लावायला लीगला कित्येक दशकं वाट बघावी लागली.

आपल्याकडे कुठली रग्बी आली?

आपल्याकडे आली ती साहेबाची, म्हणजे युनियन. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात ब्रिटिशांनी मॅच खेळली आणि मग क्लब काढला. काही वर्षांत तो बंद पडला, तेव्हा खात्यातले २७० चांदीचे रुपये वितळवून कप बनवला. तो 'कलकत्ता कप'. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी भिडतात.

मुंबईत रग्बीचं घर म्हणजे बॉम्बे जिमखाना. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या जिमखान्यात तेव्हा फक्त युरोपियनांना जागा होती. म्हणजे इंग्लंडमध्ये वर्गाची भिंत होती, इथं तिच्यावर रंगाचीही भर पडली.

ही भिंत हळूहळू खचली. जिमखान्यावर रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटवरच्या मुलांना मैदानावर बोलावलं आणि त्यातून १९९९ मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली. पुण्याच्या वाहबीझ भरुचा यांनी तर भारताच्या महिला टीमचं नेतृत्व केलं.

शेवटी जिंकलं कोण?

ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेही पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. फूट पडल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी लीगची विगन आणि युनियनची बाथ या दोन तगड्या टीम समोरासमोर आल्या. लीगच्या नियमांनी विगन ८२-६ ने जिंकली, युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९ ने. एका शतकात खेळ किती लांब गेले होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

खाड्याचा प्रश्न मात्र आपल्या दारात अजून उभा आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि निवडक खेळाडूंना चांगले पैसे मिळू लागले. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण या दोन्हींपर्यंत पोहोचायच्या आधीची जी वर्षं असतात, त्यात भोसरी-चाकणला कंत्राटी काम करून संध्याकाळी कबड्डीचा सराव करणाऱ्या पोराचा खाडा त्याच्याच खिशातून जातो. १८९३ मध्ये यॉर्कशायरचे क्लब नेमकं हेच सांगत होते.

बाकी पुढच्या वेळी रग्बीचं रील दिसलं, तर टॅकलनंतर काय होतं ते बघा. खेळाडू चेंडूवर तुटून पडले तर युनियन. पडलेला उठून पायाने चेंडू मागे सरकवत असेल, तर समजा, ही सहा शिलिंगांवरून वेगळी झालेली लीग आहे.