धने-जिऱ्याला बुरशी लागली तर? भाजल्याने विष जात नाही

गोंदिया हा धानाचा जिल्हा. जून ते सप्टेंबर पाऊस, चहूकडे पाण्याने भरलेल्या बांध्या आणि घरात ओलसर हवा. वर्षभरासाठी भरून ठेवलेले धने, जिरे, शहाजिरे, मेथी, बडीशेप, कलौंजी याच दिवसांत खराब होतात. डबा उघडला की कुबट वास येतो, दाणे एकमेकांना चिकटलेले, त्यांवर पांढरट-हिरवी बुरशी. मग आपण काय करतो? ऊन दाखवतो, पुसतो, भाजतो आणि मसाल्यात दळून टाकतो. नेमके हेच करायचे नाही.

अशा दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढू शकते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. बुरशी पुसली तरी विष दाण्यात उरते, आणि घरच्या भाजण्या-उकळण्याने ते संपत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक लोक दगावले. मसाला आपण मक्याइतका खात नाही, हे खरे. पण हे विष थोडे थोडे बरीच वर्षे पोटात गेले तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तो आणखी जास्त.

म्हणून बुरशी लागूच नये, हे बघायचे. तिला वाढायला ओल लागते. कोरडा दाणाही दमट हवेतली ओल ओढून घेतो.

• मसाला मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवा. नीट वाळलेला धना दातांखाली कटकन फुटतो, दबत नाही.
• उन्हातून आणलेला किंवा भाजलेला माल पूर्ण थंड झाल्यावरच भरा. गरम भरला तर आत वाफ धरते.
• काचेची किंवा स्टीलची घट्ट झाकणाची बरणी घ्या. मोठा साठा बंद ठेवा, रोजच्यासाठी लहान डबी वेगळी.
• बरणी चुलीजवळ किंवा ओलीच्या भिंतीला लागून ठेवू नका. चमचा कोरडाच हवा.
• रमजान किंवा ईदसाठी घेतलेला जास्तीचा मसाला पावसाळ्याआधी संपवा. पावसात लागेल तेवढाच आणा.

सांबार, मेथी पेरायला ठेवलेले बी भाजू नका, सावलीत वाळवून वेगळे ठेवा. दुकानातले औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र स्वयंपाकघरात आणूच नका.

आणि बुरशी लागलीच तर? सगळा माल फेका. कोंबड्या-बकऱ्यांना घालू नका, त्यांनाही हे विष बाधते. कामवालीला किंवा गरिबाला तर मुळीच देऊ नका. जे आपण स्वतः खाणार नाही ते खैरातीत देऊ नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. अन्न हलाल हवे, तसेच तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि चांगलेही हवे. पावभर धन्यांसाठी घरच्यांची तब्येत पणाला लावण्यात कसली बचत?