आडत-दुकानाला टेलिफोन किती?

चैत्र-वैशाखांत हिंगोली जिल्ह्यांतील हळद शिजवून, वाळवून बाजाराला निघते. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या आडत्याकडे सकाळपासून फोन सुरू होतात: आज भाव काय, माल केव्हां आणावा? शेतकऱ्याचा फोन लागला नाहीं, तर गाडी नांदेडकडे किंवा सांगलीकडे वळते. तेव्हां टेलिफोनच्या लाइनी किती घ्याव्या, हा प्रश्न किरकोळ नव्हे.

पुष्कळ व्यापारी दिवसभराचे फोन मोजतात. मोजावयाचा तो सर्वांत गर्दीचा तास. समजा, त्या तासांत २० फोन येतात व प्रत्येक बोलणें ३ मिनिटें चालतें. एकूण ६० मिनिटें झालीं. मग एक लाइन पुरे, असें अंकगणित म्हणेल. परंतु लोक कांहीं रांग लावून फोन करीत नाहींत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती एर्लांग यांनीं १९१७ सालीं या गर्दीचें सूत्र प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें एका लाइनीवर निम्मे फोन परत जातात. दोन असल्यास पांचांतील एक, तीन असल्यास सोळांतील एक व चार असल्यास पासष्टांतील एक. म्हणजे दुसरी लाइन तासाला ६ फोन वाचविते, तिसरी सुमारें ३, चौथी जेमतेम १. नव्या लाइनीचें भाडें तिनें वाचविलेल्या फोनांच्या मोलाहून जेथें अधिक होतें, तेथें थांबावें.

लाइनी अनेक असल्या तरी क्रमांक एकच असावा. पहिली गुंतली कीं फोन आपोआप दुसरीवर जावा, अशी ‘हंटिंग’ची सोय मागून घ्यावी. १८०० नें सुरू होणाऱ्या क्रमांकावर बोलण्याचा आकार दुकानदारास पडतो. शेतकऱ्याच्या मोबाईलच्या मासिक रकमेंत बोलणें आधींच आलेलें असेल, तर त्या खर्चानें त्याचें कांहींच वाचत नाहीं. एका वेळीं ३० संभाषणें वाहणारी पी. आर. आय. जोडणी मोठ्या कचेरीस शोभते. लहान आडतीला ती म्हणजे दोन पोत्यांसाठीं मालगाडी. इंटरनेटवरील फोन स्वस्त पडूं शकतो. पण वीज गेली कीं सर्व लाइनी एकदम मुक्या होतात, म्हणून जोडीला एक मोबाईल ठेवावा.

हंगामांत आठवडाभर वहींत तासातासाचे फोन टिपावे, आणि मगच अर्ज करावा. मात्र लाइनी तीन आणि फोन उचलणारा एकच, असें झालें तर दोन लाइनींचें भाडें पाण्यांत गेलें, असें समजावें.