एका बॉबिनवर ३०० किलोमीटर धागा, आणि दहावीत राहून गेलेलं गणित

नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीच्या एमआयडीसीत इंडोरामाचा पॉलिस्टरचा मोठा कारखाना आहे. पॉलिस्टर धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे १५० डेनिअरचा ९,००० मीटर धागा १५० ग्रॅम भरतो.

मग ५ किलोच्या बॉबिनवर असा धागा किती? ५,००० ला १५० ने भागा, ९,००० ने गुणा. उत्तर ३ लाख मीटर, म्हणजे ३०० किलोमीटर! नागपूर-बुटीबोरी अंतर साधारण ३० किलोमीटर धरलं, तर येऊन-जाऊन पाच फेऱ्या.

यात लागलं काय? गुणोत्तर आणि एककं. आयटीआयमध्ये ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ नावाचा विषय असतो, तो याच धाटणीचा: अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, क्षेत्रफळ-घनफळ, पत्र्याचं किंवा सळईचं वजन. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. बीजगणितात अडकलेला मुलगा इथे पुन्हा गणिताला भिडतो, आणि बऱ्याचदा गाडी अडते ती अपूर्णांकावर. वर्गसमीकरण फार पुढची गोष्ट.

आता खरी गंमत. धागा तपासायचा म्हणजे ९० मीटरची लच्छी काढायची, वजन करायचं आणि १०० ने गुणायचं. समजा, दोन मशीनच्या पाच-पाच लच्छ्या तोलल्या.

पहिलं मशीन: १.५०, १.५१, १.४९, १.५०, १.५० ग्रॅम.
दुसरं मशीन: १.४४, १.५६, १.४७, १.५३, १.५० ग्रॅम.

सरासरी काढून बघा. दोन्हींची १.५० ग्रॅम, म्हणजे नेमके १५० डेनिअर. कागदावर दोन्ही मशीन पास! पण पहिलं १४९ ते १५१ मध्ये राहतं, दुसरं १४४ पासून १५६ पर्यंत हेलकावे खातं. असा कमीजास्त धागा कापडात गेला की रंगवल्यावर पट्टे दिसू शकतात. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यातल्या फरकाला ‘विस्तार’ म्हणतात. इथे तो ०.०२ आणि ०.१२ ग्रॅम आहे. एका वजाबाकीने सहापट फरक उघड झाला.

पण ही वजाबाकी शिकवतात कधी? २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत. सुरुवात रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणांनी, सांख्यिकी सगळ्यात शेवटी. त्यात मध्य, मध्यक, बहुलक आणि आलेख आहेत. आकडे किती पसरलेत हे मोजायला शिकवणारं प्रकरण अकरावीच्या ‘गणित व संख्याशास्त्र’मध्ये येतं. दहावीनंतर थेट आयटीआयला गेलेल्या मुलाच्या हातून ते पुस्तक सुटतं, आणि मशीनसमोर उभा तोच राहतो. हा क्रम मला तरी उलटा वाटतो.

अमेरिकेत अशीच कोंडी झाली होती. गणितात कच्च्या विद्यार्थ्यांना तिथली कॉलेजं आधी पायाभरणीचे कोर्स करायला लावत. त्यात बीजगणितच जास्त, पदवीसाठी त्याचे गुणही धरत नसत, आणि अनेकांचं शिक्षण तिथेच थांबे. मग कार्नेगी फाउंडेशनने ‘स्टॅटवे’ आणला: वर्षभर थेट सांख्यिकी शिकवायची, आणि लागेल ते अंकगणित-बीजगणित त्या ओघातच. पुढे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला. कम्युनिटी कॉलेजांनी विद्यार्थ्याला सरसकट पायाभरणीच्या कोर्सात ढकलू नये, वर्षभरात पदवीच्या पातळीचं गणित पूर्ण करण्याची संधी द्यावी.

सांख्यिकी पगाराच्या वेळीही कामी येते बरं. समजा, जाहिरातीत लिहिलंय ‘सरासरी पगार २४ हजार’. नऊ जणांना १४ हजार आणि मॅनेजरला १ लाख १४ हजार मिळत असतील, तरी सरासरी २४ हजारच येते. मध्यक मात्र १४ हजार. मुलाखतीला जाताना मधल्या माणसाचा पगार विचारा.

विस्ताराबद्दल पुढे वाचायचं असेल, तर अकरावीचं ते पुस्तक काढा आणि ‘अपस्करण’ या शब्दाला घाबरू नका. सुरुवात वजाबाकीनेच होते.