समुद्रावरची नभोवाणी

‘समुद्री चाचे’ हे शब्द कानी पडताच तलवारी परजणारे लुटारू आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु १९६४ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ असे काही चाचे अवतरले, की ज्यांच्यापाशी शस्त्रे नव्हती. होत्या केवळ गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका!

त्या काळी ब्रिटनमध्ये नभोवाणी चालविण्याचा अधिकार एकट्या बीबीसी या संस्थेला होता. ध्वनिमुद्रिका किती वेळ वाजवाव्या, यावर करारांचे बंधन होते. त्यामुळे तरुणांच्या आवडीचे नवे संगीत फारच थोडे ऐकावयास मिळे. रोनान ओ’राहिली या आयरिश तरुणाने यावर एक युक्ती योजली. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतच होती. त्यापलीकडचा समुद्र कोणत्याही एका राष्ट्राचा नव्हता. ओ’राहिलीने एक जुने प्रवासी जहाज मिळविले, त्यावर प्रक्षेपणयंत्र व उंच मनोरा बसविला आणि हद्दीबाहेर नांगर टाकून २८ मार्च १९६४ रोजी ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू केले. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे मध्यम लहरी समुद्रावरून दूरवर पोहोचतात. थोड्याच काळात लाखो लोक ही गाणी ऐकू लागले. मग अशी आणखीही केंद्रे निघाली. परवान्यावाचून चालणाऱ्या या केंद्रांना ‘चाचे’ हे नाव पडले.

सरकारचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. परवानगीवाचून वापरलेल्या लहरींमुळे इतरांच्या संदेशांत व्यत्यय येतो आणि कलावंतांना योग्य मोबदला मिळत नाही, असा आक्षेप होता. १५ ऑगस्ट १९६७ पासून नवा कायदा अमलात आला. या जहाजांवर काम करणे, त्यांना अन्न व इंधन पुरविणे किंवा जाहिराती देणे हा ब्रिटिश नागरिकांसाठी गुन्हा ठरला. रसद तुटताच बहुतेक केंद्रे बंद पडली.

परंतु श्रोत्यांची आवड काही बंद पडली नाही. ती ओळखून ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीनेच नव्या संगीतासाठी ‘रेडिओ वन’ हे केंद्र काढले. त्याचा पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न हा पूर्वी कॅरोलाइनवरच काम करीत असे! पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या भूमीवर खाजगी नभोवाणी केंद्रांनाही परवाने मिळाले.

समुद्रावरचे जीवन मात्र सोपे नव्हते. मार्च १९८० मध्ये कॅरोलाइनचे ‘मी अमिगो’ हे जहाज वादळात सापडून बुडाले. जीवरक्षक नौकेने वेळीच धाव घेतल्यामुळे जहाजावरील सर्वांचे प्राण वाचले. १९८३ मध्ये नवे जहाज घेऊन केंद्र पुन्हा सुरू झाले, आणि १९९० मध्ये समुद्रावरील प्रक्षेपण थांबले. पुढे २०१७ साली कॅरोलाइनला रीतसर परवाना मिळाला. तिला दिलेली ६४८ किलोहर्ट्झची मध्यम लहर पूर्वी बीबीसीचीच जागतिक सेवा वापरीत असे!

कायदा मोडणाऱ्यांना सरकारने अडविले, हे योग्यच झाले. परंतु लोकांनी त्यांचे का ऐकले, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने मिळाले नसते. ते शोधावे लागले, आणि त्या शोधातूनच ब्रिटनची नभोवाणी बदलली.