बाटलीतला पैसा: बोर्दो ते सोलापूर

वाइनकडे गुंतवणूक म्हणून पाहिले जाते ते तिच्या एका गुणामुळे. काही निवडक वाइन बाटलीत बंद झाल्यावरही वर्षानुवर्षे सुधारत जातात आणि त्याच काळात लोक त्या पीत असल्याने शिल्लक बाटल्या घटत जातात. माल चांगला होतो आणि कमीही होतो. भाव वाढायला एवढे पुरते. मात्र जगात तयार होणाऱ्या वाइनपैकी फार थोड्या वाइनला हा नियम लागू पडतो. बाकीची सगळी दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायची असते, ठेवली तर फक्त उतरते.

टिकणाऱ्या वाइनची तयारी द्राक्षातच होते. साल आणि बी यांतून येणारे तुरट टॅनिन व नैसर्गिक आम्लता हे तिचे आधार. टॅनिन हळूहळू मऊ पडते आणि नवे गंध तयार होतात. त्यासाठी बाटली अंधारात, 12 ते 14 अंश तापमानात आणि बऱ्यापैकी दमट हवेत आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहते. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात घरच्या फडताळात ठेवलेली महागडी बाटली एका उन्हाळ्यात कामातून जाऊ शकते.

या व्यापाराचे केंद्र फ्रान्समधले बोर्दो. तिथल्या मळ्यांची 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी प्रतवारी झाली. लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियों ही नावे तेव्हा पहिल्या वर्गात बसली. त्यात पुढे एकच भर पडली, 1973 मध्ये मूतोंची. इथे सौदा पिंपातल्या मालाचा होतो. शरदात तोडणी होते, पुढच्या वसंतात व्यापारी व समीक्षक चव घेतात, खरेदीदार पैसे भरतात आणि बाटल्या हातात येतात त्या त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. झाडावरच्या मालाचा उक्ता सौदा करणाऱ्या बागायतदाराला ही पद्धत परकी वाटणार नाही.

2000 साली लंडनमध्ये लिव्ह-एक्स ही व्यापाऱ्यांची बाजारपेठ सुरू झाली आणि वाइनलाही शेअरसारखे निर्देशांक मिळाले. भाव सतत चढतात, हा समज त्या आलेखांनीच खोडून काढला. 2008 मध्ये हाँगकाँगने वाइनवरचे शुल्क काढून टाकले, चिनी श्रीमंतांनी लाफितवर झडप घातली, 2011 पर्यंत भाव आकाशाला भिडले आणि मग कोसळले. कोविडच्या काळात पुन्हा तेजी आली. 2022 नंतर तीही ओसरली.

भावाइतकाच मोठा प्रश्न अस्सलपणाचा. बाटली उघडून खात्री करता येत नाही, कारण उघडली की मोल संपले. म्हणून ती कुठून निघाली, कोणत्या गोदामात राहिली, मूळ लाकडी खोके आहे का, मानेपाशी द्रव किती खाली उतरला आहे, हे सगळे तपासतात. रूडी कुर्नियावान या व्यापाऱ्याने अमेरिकेत घरच्या घरी मिश्रणे करून जुन्या वाइनची लेबले चिकटवली आणि नावाजलेल्या लिलावगृहांतून ती खपवली. 2008 च्या एका लिलावात त्याच्याकडून पोंसो मळ्याच्या ‘क्लो सें-दनी’च्या 1945 पासूनच्या बाटल्या आल्या. मळ्याचे मालक लोराँ पोंसो स्वतः न्यूयॉर्कला जाऊन उभे राहिले: ती वाइन त्यांच्याकडे 1982 पूर्वी तयारच होत नव्हती. कुर्नियावानला 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याला फसलेले बहुतेक जण वाइनचे जाणकार म्हणवणारेच होते, हे विसरू नये.

खर्चाचा हिशेब जाहिरातीत सहसा नसतो. समजा एक लाखाची पेटी घेतली आणि दहा वर्षांनी ती 1,60,000 रुपयांना विकली. विक्रीवर 10 टक्के दलालीचे 16,000 गेले. साठवण आणि विमा वर्षाला 1,500 धरला तर 15,000 गेले. हाती 1,29,000 उरले, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून बरी. शिवाय व्याज किंवा लाभांश असे मधल्या काळात काहीच मिळत नाही.

भारतात तर दारच अर्धे बंद आहे. आयात वाइनवर दीर्घकाळ 150 टक्के सीमाशुल्क राहिले. 2022 च्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात महागड्या बाटल्यांपुरते ते उतरले. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही. बाटली दहा वर्षे जपली तरी खासगी माणसाने ती कायदेशीरपणे विकायची कुठे? पुनर्विक्रीचा बाजार नाही, म्हणून गुंतवणूकही नाही.

मग सोलापूर जिल्ह्यात वाइनमध्ये पैसा लागतो तो कसा? जिल्ह्याच्या एका टोकाला, अकलूज परिसरात, ‘फ्रातेल्ली’ या वाइन कंपनीचे मळे आहेत. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली. इटालियन वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी घडवलेली ‘सेत्ते’ ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची लाल वाइन लाकडी पिंपात मुरवली जाते. ठेवून पिण्याजोग्या भारतीय वाइनमध्ये तिचे नाव घेतले जाते. पण वाइन ठेवण्याजोगी झाली म्हणून तिला दुसरा खरेदीदार आपोआप मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला, सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूप भागात द्राक्ष म्हणजे खायचे द्राक्ष. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांत बी नाही, मणी मोठा, साल पातळ, गोडी भरपूर. ग्राहकाला हेच हवे असते, टिकाऊ लाल वाइनला गोडी सोडता नेमके उलटे लागते: बारीक मणी, जाड साल, बी आणि एकरी कमी उतारा. खायच्या द्राक्षाची बाग वाइनकडे वळवायची तर वाणच बदलावा लागतो, आणि ठरलेला खरेदीदार नसेल तर तो माल कुणी खातही नाही.

कंपनीचा शेअर हा आणखी एक मार्ग. नाशिकच्या ‘सुला’ची भागविक्री डिसेंबर 2022 मध्ये 357 रुपयांनी झाली. ती पूर्णपणे जुन्या भागधारकांची विक्री होती, त्यातून मळ्यात नवा पैसा आला नाही. 2024 च्या सुरुवातीला भाव सहाशेच्या पुढे गेला आणि 2025 मध्ये विक्रीच्या किमतीखाली आला. त्याआधी नारायणगावच्या ‘इंडाज’ने भारतीय फेसाळ वाइन परदेशात पोचवली होती, 2008 च्या मंदीनंतर ती कर्जाच्या ओझ्याखाली बसली.

द्राक्षाचा माल धरून ठेवून भावाची वाट पाहायची, हे या भागात प्रत्यक्ष घडते ते बेदाण्यात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेडमधल्या जाळ्यांवर सुकवून, निवडून, तो शीतगृहात जातो. पावतीवर तारण कर्ज मिळते आणि सणासुदीचा भाव पाहून माल सौद्याला काढतात. पण बेदाणा जुना होऊन वाइनसारखा सुधारत नाही. त्याचा हिरवा-पिवळा रंग काळवंडत जातो, शीतगृहाचे भाडे व कर्जाचे व्याज चढत राहते आणि नव्या हंगामाचा माल बाजारात आला की जुन्याचा भाव पडतो. त्यामुळे धरून ठेवण्याची मुदत महिन्यांत मोजायची, आणि पुढच्या बेदाण्याची आवक वाढण्याआधी माल मोकळा करायचा.